वाचकांचे प्रश्न : जुने कपाट, नवे घर

प्रश्न : आईवडिलांच्या घरातून आमच्याकडे एक भक्कम नक्षीदार कपाट, एक आरामखुर्ची आणि लंबकाचे घड्याळ आले आहे. आमचे नवे घर लहान असून छतही फारसे उंच नाही. पतीला सरळ रेषांचे, हलके, आधुनिक फर्निचर आवडते, तर मला या जुन्या वस्तू सोडवत नाहीत. दोन्ही एकत्र ठेवले की खोली वस्तुसंग्रहालयासारखी दिसते, नाही तर गोदामासारखी. आमची म्हणावी अशी शैली आम्ही कशी शोधावी?

उत्तर : शैलीचे नाव आधी ठरवून मग त्यात वस्तू बसवायला गेलात, तर तुमच्या तिन्ही जुन्या वस्तू पहिल्याच दिवशी नापास होतील. सुरुवात उलट दिशेने करावी. वस्तू कोणत्या काळातली आहे हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून तिची रेषा, उंची, रंग आणि दिसणारे वजन एवढेच पाहावे. फर्निचर-कारागीर मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये आणलेली ‘क्रमांक १४’ ही खुर्ची वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांची बनलेली होती, आणि अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात मावत असत. वयाने ती तुमच्या कपाटाहूनही मोठी असण्याची शक्यता आहे. तरीही काचेच्या टेबलाशेजारी ठेवल्यास ती खटकत नाही, कारण तिची रेषा सडपातळ आहे आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसते. ल कॉर्ब्युझिए यांच्यासारख्या कट्टर आधुनिक वास्तुकारानेही १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आपल्या दालनात थोनेट यांच्या कारखान्यातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याच ठेवल्या होत्या.

तुमची अडचण म्हणूनच जुने विरुद्ध नवे अशी नसून जड विरुद्ध हलके अशी असावी, असे मला पत्रावरून वाटते. त्याची खात्री करून घेण्यासाठी खोलीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. रंगांचे आकर्षण निघून गेले की गडद ठिपके कुठे साचले आहेत ते लगेच दिसते. कपाट, गडद सोफा आणि टीव्ही एकाच बाजूला असतील, तर ती बाजू खाली बसल्यासारखी वाटेल. कपाटाला एक अख्खी भिंत एकट्याने द्यावी, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी आणि त्याच्या डोक्यावर काहीही रचू नये. छत बुटके असताना कपाटावर ठेवलेली बॅग किंवा खोके वरची उरलीसुरली हवाही खाऊन टाकते.

प्रमाणाबद्दल माझे मत थोडे हट्टी आहे. निम्मे जुने आणि निम्मे नवे अशी न्याय्य वाटणी केलेली खोली मला दोन भाडेकरूंनी वाटून घेतल्यासारखी दिसते. एक बाजू स्पष्टपणे वरचढ असू द्यावी. तुमच्या घरात सोफा, पडदे, गालिचा अशा मोठ्या वस्तू साध्या, एकरंगी आणि नव्या असाव्यात, म्हणजे पतीची आवड घराची पार्श्वभूमी होईल आणि तुमच्या तीन वस्तू तिच्यापुढे उठून दिसतील. मग त्या वस्तूंमधली एखादी खूण खोलीत आणखी एक-दोन ठिकाणी उमटू द्यावी. कपाटाच्या कड्या पितळेच्या असतील, तर नव्या दिव्याचा दांडा पितळी घ्यावा. आरामखुर्चीचे हात गोलाईचे असतील, तर समोरचे चहाचे टेबल चौकोनी न घेता गोल घ्यावे. पाहणाऱ्याला हे कारण सांगता येणार नाही, पण खोली एकाच हाताने लावली आहे असे त्याला वाटेल.

लॉस एंजेलिसमधले चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याचे १९४९ सालचे घर याच रीतीने उभे आहे : बाहेरचा सांगाडा कारखान्यात तयार मिळणाऱ्या पोलादी भागांचा, आणि आत लोककलेच्या वस्तू, खेळणी, टोपल्या, गालिचे यांची रेलचेल. तेवढी गर्दी सर्वांना झेपतेच असे नाही, मला तरी झेपणार नाही.

उंचीचे गणित मात्र आधीच करून घ्यावे. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर उंच असते. बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत २८ ते ३० सेंटिमीटर अंतर असले म्हणजे आरामात बसता येते. मी स्वतः जुन्या हातांच्या खुर्च्यांसाठी मोठ्या हौसेने नवे टेबल घेतले, तेव्हा खुर्च्यांचे हात टेबलाखालच्या पट्टीला अडले आणि कित्येक महिने आम्ही टेबलापासून वीतभर लांब बसून जेवलो. मोजपट्टी त्या वेळी माझ्या पर्समध्येच होती. नवी खरेदी करण्यापूर्वी काही आठवडे आहे त्या वस्तू फिरवून पाहाव्यात. सकाळी ऊन कुठे येते आणि संध्याकाळी माणसे कुठे बसतात, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : आमच्या बैठकीत पाच प्रकारची लाकडे झाली आहेत. सगळ्यांना एकाच छटेचे पॉलिश करून घ्यावे का?

उत्तर : करू नये. वेगवेगळी लाकडे एकत्र नांदू शकतात. खटकते ते जवळपास जुळणारे पण नेमके न जुळणारे लाकूड, कारण तिथे जुळवण्याचा प्रयत्न फसल्यासारखा दिसतो. छटा गडद की फिकी यापेक्षा तिच्या तळाशी लालसरपणा आहे, पिवळेपणा आहे की राखाडीपणा, हे पाहावे. लालसर अक्रोड आणि लालसर साग एकमेकांपेक्षा कितीही गडद-फिके असले तरी चालतात. लालसर कपाटाला राखाडी लॅमिनेट अगदी चिकटून असले की दोन्ही बिचारी दिसतात. अशा ठिकाणी मध्ये भिंतीचा तुकडा सोडावा किंवा खाली गालिचा घालावा.

आणखी एक गोष्ट करून पाहावी : आधी दिवे बदलावेत. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात जुने लाकूड मृत दिसते, तर २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली त्याच लाकडातला लालसर-तपकिरी रंग परत येतो. खोक्यावर रंगदर्शकतेचा (CRI, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा) आकडा ९० किंवा त्याहून अधिक असलेला बल्ब मिळाल्यास उत्तम. पाचांपैकी तीन लाकडांची तक्रार एवढ्यानेच मिटण्याचा संभव आहे.

तरीही पॉलिश करायचे ठरलेच, तर कपाटाच्या मागच्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवून पाहावा. पृष्ठभाग चिकट होऊन रंग कापसाला लागला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. त्यावर नवा हात दिला की तो जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे सगळे खरवडून काढण्याची गरज नसते.

प्रश्न : एका जुन्या खणांच्या कपाटावर रंगाचे अनेक थर आहेत. ते घासून पांढरे करावे, अशी मुलीची इच्छा आहे. लाकूड रंगवणे हा अपराध आहे का?

उत्तर : अपराध नाही, विशेषतः ते आधीच रंगवलेले असताना. घासण्याची घाई मात्र करू नये. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली आणि बऱ्याच देशांत ती त्यानंतर आली. कोरडे घासल्यास ती विषारी धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो. आधी तपासणी-संचाने खात्री करावी, आणि शिसे आढळले तर ते काम जाणकारावर सोपवावे.

एक-दोन मिलिमीटरची गोल भोके आणि त्यांखाली ताजा, फिकट भुसा दिसला, तर लाकडात कीड जिवंत आहे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत कपाट इतर फर्निचरपासून दूर ठेवावे. खण अडत असतील तर त्यांच्या सरकपट्ट्यांना मेणबत्ती घासावी. सैल सांध्यांची भीती बाळगू नये : जुने फर्निचर बहुधा प्राण्यांच्या सरसाने चिकटवलेले असते आणि तो सरस ऊब व ओलाव्याने सुटतो, म्हणून सुताराला ते उकलून पुन्हा जोडता येते.

पांढरा रंग द्यायचाच असेल, तर भर पांढऱ्याऐवजी किंचित मळकट पांढरा निवडावा. जुन्या लाकडाच्या झिजलेल्या कडांवर शुभ्र रंग प्लॅस्टिकसारखा दिसतो. नव्या मुठी घेताना दोन भोकांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून न्यावे. ते जुळले नाही तर दर्शनी भागात नवी भोके पाडावी लागतात, आणि बुजवलेली जुनी भोके रंगाखालूनही तिरप्या उजेडात दिसत राहतात.