घर आणि दिनचर्येचे ब्लॉग वाचायला आवडतात, पण वाचून झालं की आपलंच सगळं कमी वाटतं. वाचणं बंद करू का?

बंद करायची गरज नाही. वाचण्याची पद्धत बदला आणि कुठले ब्लॉग ठेवायचे त्याला एक चाळणी लावा.

पोस्ट वाचून झाली की मनात काय उरलं ते एका शब्दात लिहा आणि तो शब्द क्रियापद आहे की विशेषण, एवढंच बघा. ‘आवरणे’, ‘बांधणे’, ‘काढून टाकणे’ ही क्रियापदं, म्हणजे करण्याजोगं काहीतरी हाती लागलं. ‘सुंदर’, ‘टापटीप’, ‘आळशी’ (हे बहुतेक वेळा स्वतःबद्दल) ही विशेषणं, म्हणजे नुसता शेरा उरला. दोन आठवडे हे करा. ज्या ब्लॉगच्या पाचपैकी चार पोस्ट नुसती विशेषणं देऊन जातात, तो फॉलो करणं सोडा. ब्लॉग वाईट असेलच असं नाही, तुमच्या कामाचा नाही इतकंच.

या चाळणीत आलिशान बंगल्यांचे ब्लॉग टिकले आणि ‘साध्या घरातलं साधं जगणं’ दाखवणारे गळाले, तर नवल वाटून घेऊ नका. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. माणूस तुलना करतो ती आपल्यासारख्याच वाटणाऱ्यांशी, हा त्यातला एक मुद्दा. राजवाडा बघून कुणी खट्टू होत नाही. आपल्याएवढ्याच खोलीत, आपल्याएवढ्याच पगारात कुणीतरी सगळं जमवलेलं दिसतं, ते खरं टोचतं.

आता फोटोंबद्दल, कारण निम्मं दुखणं तिथे आहे. वाचून पटणार नाही, म्हणून एकदा करूनच बघा. दिवसा खिडकीजवळच्या टेबलावरून चार्जर, बिलं, औषधाची पट्टी हे सगळं उचलून खुर्चीवर टाका. टेबलावर तीनच वस्तू ठेवा. खोलीतले दिवे बंद करा, म्हणजे उजेड फक्त खिडकीतून, एका बाजूने येईल. फोन छातीच्या उंचीवर, अजिबात न कलंडता धरा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर 0.5 लिहिलेलं बटण असेल तर ते, म्हणजे वाइड लेन्स, वापरून फोटो काढा. ती खुर्ची चौकटीबाहेर राहू द्या. पाच मिनिटांत तुमचं टेबल ब्लॉगात शोभेल असं दिसेल आणि पसारा हातभर अंतरावर तसाच असेल. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर डोंगराची एकच बाजू दाखवलेली असते.

हे एकदा केलं की दुसऱ्यांच्या फोटोतल्या खुणा आपोआप दिसायला लागतात. कडेची गोल कुंडी अंड्यासारखी ताणलेली असेल, तर लेन्स वाइड आहे आणि खोली दिसते त्याहून लहान आहे. टेबलावर दिवा आहे पण त्याची वायर कुठेच नाही? मग दिवा बॅटरीवरचा नसेल तर ती लपवली आहे किंवा पुसली आहे. आणि ‘रोजचं स्वयंपाकघर’ म्हणून दाखवलेल्या जागेत कचऱ्याचा डबा नसेल, तर तो बहुधा फोटोपुरता हलवलेला असणार. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखंच आहे हे. मुखपृष्ठाशी आपल्या घराची बरोबरी करू नये, एवढंच.

दिनचर्येच्या पोस्टना कागद-पेन्सिल लावा. सकाळी सहा ते आठ सात गोष्टी लिहिल्या असतील, तर मधले सांधे सहा. एक काम संपवून दुसरं सुरू करायला पाच मिनिटं धरली तरी अर्धा तास झाला, आणि तो पोस्टमध्ये कुठेच नसतो. शिवाय त्या वेळात घरातलं बाकीचं काम कोण करत होतं, हेही बहुधा लिहिलेलं नसतं. सातपैकी एकच गोष्ट उचला.

परिपूर्णतेचा हट्ट हा वेगळा रोग, आणि जास्त चिवट. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि लोकांची आपल्याकडून तशी अपेक्षा आहे ही समजूत. असे ब्लॉग खतपाणी घालतात ते तिसऱ्याला. त्यावर उपाय म्हणजे काम सुरू करण्याआधीच ‘पुरे’ची खूण लिहून ठेवणं. उदाहरणार्थ: ‘टेबलावर लॅपटॉप आणि एक वही मावली की पुरे. वेळ 20 मिनिटं. नवीन खरेदी नाही.’ तिन्ही गोष्टी लिहा. नुसता टायमर लावला तर तो वाजल्यावर आपण आणखी दहा मिनिटं वाढवतो, कारण थांबायचं कुठे हे ठरलेलंच नसतं. आणि खरेदीवर बंदी नसली की आवरायच्या आधी डबे घरात येतात. ते मापात बसत नाहीत, मग डब्यांचाच पसारा होतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. या भरपाईच्या नादात सवय मोडू शकते. दुसऱ्या दिवशी सगळ्यात छोटं रूप करा, पाच मिनिटांचं, आणि ते पूर्ण धरा.

रात्री अंथरुणात पडून हे ब्लॉग वाचू नका. त्या वेळी उठून काही करता येत नाही, त्यामुळे क्रियापदाचंही विशेषण होतं.

ब्लॉग बाजूला ठेवूनही काम हातावेगळं होत नसेल, शंभरदा तपासूनही पाठवायचा धीर होत नसेल, झोप उडत असेल, तर समुपदेशकाकडे जा. या हट्टावर सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) वापरतात.

राहता राहिल्या ‘नंतर करू’ म्हणून सेव्ह केलेल्या पोस्ट. तीनच ठेवा. चौथी सेव्ह करायची तर आधी एक करून टाका किंवा डिलीट करा. महिन्याहून जुन्या असतील त्या न उघडताच काढा. उघडलीत तर पुन्हा ठेवाल.