सही करण्याआधी विचारा : लेकीच्या हिश्श्याची प्रश्नोत्तरे

२०२५ च्या उन्हाळ्यात राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं चढवायची होती. काम चांगलंच होतं. पण तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे : "भावाने सही मागितली, मी केली, आता काय करू?" आधी सही आणि मग चौकशी, हा क्रम उलटा व्हावा म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देते आहे. मी दिवाणी वकिली करते. ही उत्तरं दिशा दाखवण्यापुरती आहेत. तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणीही वकील शेवटचा शब्द देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा.

माझं लग्न १९९१ साली झालं. वडील १९९९ मध्ये गेले. भाऊ म्हणतात, १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाही. तलाठी ऑफिसबाहेरच्या माणसानेही तेच सांगितलं. (जि. सातारा)

ऑफिसबाहेरच्या माणसाचं ज्ञान वीस वर्षं जुनं आहे. महाराष्ट्राने १९९४ साली देशातलं पहिलं महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी २२ जूनपासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली. त्यात एक खोच होती : ज्यांचं लग्न त्या तारखेआधी झालं त्यांना वगळलं होतं. गावोगावी तेवढंच लक्षात राहिलं. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली आणि त्यात लग्नाची अट नाही. वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात मिटवला : हयात असण्याची गरज नाही.

मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तर ते व्यवहार आता उकरता येत नाहीत. "तोंडी वाटप झालं होतं" असं सांगितलं जातं. कोर्ट ते सहजासहजी मानत नाही, त्या काळातले सरकारी कागद पुराव्याला लागतात. आणि वडील १९५६ चा वारसा कायदा येण्याआधीच वारले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मुलीच्या विरुद्ध निर्णय दिला आहे. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांचे कागद, काढा आणि वकिलाला दाखवा.

लग्नात पंधरा तोळे सोनं घातलं, म्हणजे हिस्सा मिटला का? (जि. जालना)

नाही.

पुण्यात फ्लॅट घेतोय. बिल्डर म्हणतो बायकोचं नाव घाला, मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. माझंही नाव जोडलं तर चालेल?

सूट हवी असेल तर घर एकट्या स्त्रीच्या नावावरच घ्यावं लागतं, तुमचं नाव जोडलं की सूट गेली. ही सवलत सरकारची आहे, १ एप्रिल २०२१ पासून, फक्त निवासी घरांना. महिला दिनाच्या जाहिरातीत बिल्डर ती स्वतःची 'ऑफर' म्हणून खपवतात तेवढं लक्षात ठेवा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर करारनाम्याआधी बँकेशी बोला.

सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आहे, पुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय. आम्हा तिघी बहिणींची नावं 'इतर अधिकार' या रकान्यात आहेत. म्हणजे आम्ही मालक नाही का? (जि. धाराशिव)

आहात. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कुटुंबाच्या वतीने कारभार पाहणारा, एवढाच त्याचा अर्थ. एकेकाळी वारस नोंद करताना थोरल्या मुलाला वर घ्यायचं आणि बहिणींना उजवीकडच्या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाशेजारी बसवायचं, ही महसुलातली सर्रास पद्धत होती. ती पद्धत म्हणजे कायदा नव्हे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्यावरून मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

असं असलं तरी निवांत राहू नका. बँक पीककर्ज देताना सातबारा पाहते, खरेदीदार सातबारा पाहतो, रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार आणि गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवही, या दोन्हींच्या नकला काढा. तुमची नावं वारस म्हणून लागलेली असतील तर ती कब्जेदार सदरात, म्हणजे जिथे भावाचं नाव आहे त्या रकान्यात, घेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. भावाने हरकत घेतली तर प्रकरण लांबेल, म्हणून अर्जाचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

वडिलांच्या तेराव्याला भावाने सांगितलं, वारस नोंदीसाठी सगळ्यांची सही लागते. दुसऱ्या आठवड्यात गाडी पाठवून तालुक्याला नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला. आता कळतंय की ते हक्कसोड पत्र होतं. रद्द होईल का? (जि. अहिल्यानगर)

ताई, जिथे संगणकावर फोटो आणि अंगठा घेतला ते दुय्यम निबंधक कार्यालय. वारस नोंदीसाठी तिथे जावंच लागत नाही. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्कवर होतो आणि तो कोणीही एक वारस करू शकतो. ज्या दिवशी गाडी तलाठी कार्यालय ओलांडून निबंधकाकडे वळते, त्या दिवशी तुमचा हिस्सा जाणार असतो. हे वाक्य घराघरात पोचावं म्हणून मी हे सदर लिहिते असं समजा.

आता त्या कागदात काय असतं ते सांगते, कारण सही करणाऱ्या दहा जणींत एखादीच तो वाचते. सुरुवातीला मिळकतीचं वर्णन : गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. मग "बंधुप्रेमापोटी, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" हक्क सोडल्याचा मजकूर. पुष्कळदा त्याच्या पोटात एक ओळ सारलेली असते : "तसेच आमचे कुटुंबाच्या इतर सर्व स्थावर मिळकती". तुम्हाला वाटतं दोन एकर जिरायत सोडली, आणि त्या ओळीने गावातलं घर, विहिरीतला हिस्सा आणि हायवेलगतचा गटही जातो. कधी मोबदल्याची रक्कम लिहून "रोख भरून पावले" असं घातलेलं असतं, हातात मात्र साडी आणि पेढ्यांचा पुडा. आणखी एक बघा, हक्क कोणाच्या लाभात सोडलाय? तीन भाऊ असताना एकाच्याच नावे सोडलेला असतो, आणि बाकीच्या दोघांनाही ते वर्षभराने कळतं.

हे मसुदे बनवणारे निबंधक कार्यालयाबाहेर बसतात. एकच साचा, नावं आणि गट नंबर बदलायचे, की झालं. त्यांची फी भाऊ देतो, तेव्हा मजकूर कोणाच्या सोयीचा असणार हे सांगायला वकील कशाला हवा? आणि "ताई, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं जो म्हणतो त्याला विचारा, फॉर्मॅलिटी आहे तर मग नोंदणी कशाला करताय?

रद्द होण्याबद्दल : नोंदणीकृत हक्कसोड पत्र तहसीलदार रद्द करू शकत नाही, तलाठी तर नाहीच. दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. फसवणूक किंवा गैरवाजवी दडपण झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर, आणि ही बाब कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. तुम्हाला "आता कळतंय", म्हणजे घड्याळ चालू झालं. दिवाळी होऊ दे, भावाच्या मुलीचं लग्न होऊ दे, असं करत बायका पाच-पाच वर्षं घालवतात आणि मग माझ्यासमोर बसून रडतात. तोवर भावाने जमीन तिसऱ्याला विकलेली असते आणि दाव्यात एक प्रतिवादी वाढतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये असा मनाई हुकूम मागता येतो, तोही वेळेत गेलात तर. या आठवड्यात दस्ताची प्रमाणित प्रत काढा आणि वकील गाठा. पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, तशी १९८७ च्या कायद्यातच तरतूद आहे. दूरध्वनी १५१००.

ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर हक्क जात नाही, पण कोर्टात तोच कागद तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येतो, तेव्हा तोही सहज देऊ नका. हिस्सा भावाला द्यायचा असेल तर खुशाल द्या, हक्क तुमचा आहे तसा तो सोडण्याचा अधिकारही तुमचाच. आईवडिलांचं दुखणंखुपणं ज्याने काढलं, सोसायटीचं कर्ज ज्याने फेडलं, त्या भावाला जमीन सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत आणि त्यांना मी थांबवलेलं नाही. फक्त मसुदा घरी आणा, चार दिवस ठेवा, तुमच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि 'इतर सर्व मिळकती' ही ओळ खोडून घ्या. नाव सातबाऱ्यावर ठेवून भावाला जमीन कसू देणं हाही मार्ग आहे. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल, ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के निघाल्या. शेतात राबणाऱ्या बायका किती ते तुम्ही बांधावर उभं राहून मोजू शकता. कायदा २००५ पासून समान आहे. राहिलेला फरक या सह्यांनी भरलाय.

मला पत्नीचं नाव माझ्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायचं आहे. सेतूजवळच्या एजंटने वीस हजार सांगितले. (जि. नाशिक)

एजंटला चहा पाजा आणि परत पाठवा. 'लक्ष्मी मुक्ती' म्हणून ओळखली जाणारी ही सोय शासनाने १९९२ साली केली. त्याच्या मुळाशी शेतकरी संघटनेचं आंदोलन आहे. १९८६ ला तुमच्याच जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, तिथून ही मागणी तापली आणि शेकडो गावांत शरद जोशींच्या सांगण्यावरून नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. पतीने स्वतः अर्ज द्यायचा, मुद्रांक लागत नाही. जमिनीवर बोजा असेल किंवा ती अजून एकत्र कुटुंबाची असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा.

मी बँकेत नोकरी करते. पती नाहीत, मूल नाही. ठाण्यातला फ्लॅट माझ्या पगारातून घेतलाय. माझ्यामागे तो आईला मिळावा. सोसायटीत आईचं नॉमिनेशन केलंय, तेवढं पुरेल ना?

पुरणार नाही. नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. आणि तुमच्या बाबतीत कायद्याने वारस कोण, ते ऐकून तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस. हिंदू स्त्री गेली तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी मुलं आणि पती, ते नसतील तर पतीचे वारस, म्हणजे सासू, दीर, नणंदा. त्यांच्यानंतर स्त्रीचे स्वतःचे आईवडील. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते, स्वकष्टाची नाही. हे १९५६ पासून असंच आहे आणि २००५ मध्येही बदललं नाही.

उपाय हातात आहे. मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नसली तरी करूनच घ्या. आई साक्षीदार नको. मजकूर इंटरनेटवरून उतरवू नका, वकिलाकडे तासभर जाईल तेवढा जाऊ द्या.

आम्ही भिल्ल. पंच म्हणतात, आदिवासी मुलीला जमीन नाही, कायदाच नाही. (जि. नंदुरबार)

हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, एवढं पंचांचं बरोबर आहे. त्यावरून पुढचा निष्कर्ष काढणं चूक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सांगितलं की स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर त्यांना समान हिस्सा नाकारता येणार नाही. म्हणजे रूढी आहे म्हणणाऱ्याने ती दाखवावी. तुमच्या भागात रूढी खरोखर काय आहे हे जाणणारा स्थानिक वकीलच गाठा, इथे पुण्यामुंबईचा सल्ला तोकडा पडतो.

गोव्यात तर सगळं समानच आहे ना? मग मला डिचोलीच्या घराबद्दल कागद का करायला सांगतात?

कायदा समान आहे, भाऊ तेच आहेत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि आईवडिलांना निम्म्या मिळकतीपलीकडे मर्जीप्रमाणे देता येत नाही. आता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा लागू आहे. पण हक्क सोडण्याचा दस्त तिथेही होतो, आणि विवाहितेच्या बाबतीत नवऱ्याचीही सही लागते. दोन सह्या हव्यात म्हणून कोणी जावयाला आधी पटवत असेल तर सावध राहा. पणजी-म्हापशाच्या वकिलाशी बोला, महाराष्ट्रातला नको. कायदा वेगळा आहे.

सुनेला सासऱ्यांच्या शेतात हिस्सा असतो का?

पती हयात असताना नाही. पती वारले असतील तर त्यांच्या हिश्श्याची ती वारस आहे.

सातबाऱ्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तर हिस्सा किती ते सांगाल का? (अनेक वाचक)

नाही. एका सातबाऱ्यावरून हिस्सा सांगणारा माणूस अंदाज सांगतो. वडील किंवा आजोबा ज्यांच्या नावे जमीन आली तिथपासूनचे सगळे फेरफार, वंशावळ, मृत्यूचे दाखले, झालेले दस्त असतील तर त्यांच्या सूची क्रमांक दोनच्या (निबंधक कार्यालयातल्या दस्तनोंदीच्या उताऱ्याच्या) प्रती, एवढं घेऊन तालुक्याच्या दिवाणी वकिलाकडे जा. जाताना मूळ कागद कोणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.