नागपुरात चौघांच्या कुटुंबाला कॅम्परव्हॅन हे एकमेव वाहन म्हणून पुरेल का?

पुरेल, परंतु कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, मारुती ईकोसारख्या लहान गाडीवर बांधलेली असेल तरच; फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली मोठी कॅम्परव्हॅन रोजच्या वापरासाठी घेऊ नये, असे मी दोन्ही प्रकारच्या गाड्या शहरात चालवल्यानंतर निश्चितपणे सांगतो. ईकोची लांबी पावणेचार मीटरहून कमी आणि उंची साधारण १.८ मीटर असल्यामुळे ती महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून निघते आणि तळघरातील पार्किंगमध्येही बहुधा शिरते. ट्रॅव्हलर मात्र सुमारे अडीच मीटर उंच असते, त्यामुळे तळघराच्या तोंडाशी लावलेल्या आडव्या दांड्याखालून ती जातच नाही आणि सीताबर्डीवर जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. उन्हाळ्याचा विचार तर सर्वांत आधी करावा, कारण येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभी राहिलेली गाडी इतकी तापते की स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर तिच्यात कायम ठेवणे धोक्याचे ठरते. सहलीला निघतानाच तो चढवावा. मुलांना शाळेत नेताना त्यांनी समोर तोंड असलेल्या, सीटबेल्टच्या आसनांवरच बसावे, पलंगाच्या फळीवर नव्हे. एक अट मात्र आहे: जुन्या गाडीत परस्पर बदल करून तिची कॅम्परव्हॅन बनवू नका, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, म्हणून सुतारकाम सुरू करण्यापूर्वीच आरटीओमध्ये विचारणा करावी.