आमच्या विहिरीवरचा कूपर आणि मुंबईचे मुख्य प्रधान

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला अंथरलेला १९३७ सालच्या वर्तमानपत्राचा तुकडा सापडला. त्यात ‘मुख्य प्रधान कूपर’ असं छापलं आहे. फैजपूरच्या अधिवेशनानंतर काँग्रेस जिंकली आणि बाळासाहेब खेर आले, एवढंच आम्ही ऐकत आलो. मग हे कूपर कोण? – एक वाचक, सावदा

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला आधी आमची विहीर आठवली. तिच्यावरच्या तेलाच्या इंजिनाला घरात कुणी इंजिन म्हणतच नसे. ‘कूपर बंद पडना’ अशी गड्याची हाक आली की वडील हातातला घास टाकून मळ्याकडे निघत. हा कूपर माणूसही होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

सर धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी कारखानदार. सातारा रोडला त्यांचा लोखंडी नांगरांचा आणि इंजिनांचा कारखाना होता. राजकारणात ते ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी. पारशी माणूस या पक्षात कसा, असं आज वाटेल. पण तेव्हाच्या साताऱ्यात ते कुणाला फारसं खटकलं नसावं.

आता तुमचा घोळ. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ चं. पुढच्या दोनेक महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. गव्हर्नर ब्रेबोर्न यांनी आधी खेरांनाच बोलावलं होतं. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी काँग्रेसला हवी होती. ती मिळाली नाही. खेर परतले आणि १ एप्रिल १९३७ ला कूपर खुर्चीवर बसले. प्रांतांना स्वतःचं मंत्रिमंडळ देणाऱ्या १९३५ च्या ब्रिटिश कायद्याखाली प्रांताच्या मुख्य मंत्र्याला इंग्रजीत ‘प्राइम मिनिस्टर’च म्हणत. म्हणजे मुंबई प्रांताचे पहिले प्राइम मिनिस्टर कूपर, खेर दुसरे. शाळेत आम्ही पोरांना सरसकट उलटं शिकवलं. मीही.

कूपरांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता, सिद्दाप्पा कांबळी अशी मुरलेली माणसं होती. पण मागे बहुमत नाही. विधानसभा भरवली असती तर पहिल्याच मतदानाला गाशा गुंडाळावा लागला असता. मला विचाराल तर हे कूपरांनाही ठाऊक असणार. इंजिन विकणाऱ्याला टाकीत तेल किती आहे हे कळत नाही होय? जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारग्रहणाला संमती दिली आणि १९ जुलैला खेर आले. कूपरांचा कारभार साडेतीन महिन्यांचा.

तुकड्यावर तारीख दिसते का पाहा. एप्रिल ते जुलैमधली असेल तर तो कूपर गादीवर असतानाचा. आणि फाटला असला तरी कृपा करून चिकटपट्टी लावू नका. माझ्याकडचे दोन अंक तसेच पिवळे पडून गेले.