भित्तिचित्राचा फोटो कॉमन्सवरून का उडाला?

प्रश्न : नागपुरातल्या एका भित्तिचित्राचा फोटो मी स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवला, तरी तो काढून टाकला. असं का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : फोटो तुमचा, पण चित्र चित्रकाराचं. त्याचा हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षं राहतो. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाला भारतीय कायद्यात सूट आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही. झिरो माइल स्मारकाच्या घोड्यांचे फोटो बिनधास्त चढवा.

आता चित्रकारालाच गाठा. फाइलचं नाव लिहून, ‘सीसी बाय-एसए ४.०’ परवान्याखाली (श्रेय देऊन, त्याच अटींवर कुणीही वापरावं) चित्र देतो, असा ईमेल त्याने स्वतः कॉमन्सच्या परवानगी पथकाला पाठवावा. ‘फक्त विकिपीडियासाठी’ असं लिहिलं की परवानगी बाद. व्यावसायिक वापरही खुला हवा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. परवानगी मान्य झाली की जुनीच फाइल परत आणतात, तोवर पुन्हा चढवू नका.