घरपट्टी भरली, आता रस्त्याचा हिशोब कोणाकडे मागावा?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने यंदा चतुर्थवार्षिक कर आकारणी केली आणि माझी घरपट्टी जवळपास दीडपट झाली. घर तेच आहे, एका विटेचेही नवे बांधकाम केलेले नाही. आमच्या गल्लीतला रस्ता मे महिन्यात काँक्रीटचा झाला आणि दिवाळीच्या आधीच जलवाहिनीसाठी मधोमध खोदला गेला. तो चर अजून तसाच आहे. कार्यालयात विचारले, तर ‘काम अंदाजपत्रकाप्रमाणे झाले आहे’ एवढेच सांगण्यात आले. निषेध म्हणून पट्टी भरूच नये, असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, तरीही पट्टी थकवू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, आणि थकबाकीदाराच्या प्रश्नाला उत्तर न देण्याचे निमित्त कार्यालयाला आयते मिळते. आकारणी चुकीची वाटत असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या, सुनावणीला स्वतः हजर राहा आणि घराचे मोजमाप व वापराचा प्रकार नोंदवहीत कसा लिहिला आहे, ते तपासा. बांधकाम न करताही वाढ होण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

बिलाकडेही एकदा नीट पाहा. त्यातला शिक्षण कर नगरपरिषद गोळा करते, पण 1962 च्या कायद्यानुसार तो राज्य शासनाकडे जमा होतो. तुमच्या गल्लीशी त्याचा संबंध नाही. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून लहान शहरांची भिस्त शासनाच्या अनुदानावर आहे, आणि रस्त्यांसारखी मोठी कामे बहुधा राज्याच्या योजनांतून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून होतात. त्यामुळे ‘माझ्या घरपट्टीचे काय केले?’ असा प्रश्न विचारलात, तर उत्तर मोघमच येणार. प्रश्न त्या एका रस्त्याबद्दल विचारायला हवा.

खेड्यात निदान ग्रामसभा असते, तिथे उभे राहून विचारता येते. राज्यघटनेने प्रभाग समित्या 3 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच सक्तीच्या केल्या असल्याने तुमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला तो आधारही नाही, आणि ही उणीव मला फार खटकते. म्हणूनच 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा वापर तुमच्यासाठी अधिक मोलाचा आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. अर्जात त्या रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची वही) संबंधित पाने, अंतिम देयक आणि दोष दायित्व कालावधी (कामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत), एवढेच मागा. काम कोणत्या निधीतून झाले, हेही बहुधा त्याच कागदांवर लिहिलेले असते. जलवाहिनीसाठी खोदाईची परवानगी कोणी, केव्हा दिली आणि रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणावर टाकली, हे दुसऱ्या अर्जात विचारा. ज्या गल्लीत जलवाहिनी टाकायची हे आधीच ठरले होते, तिथे काँक्रीट का केले, याचा उलगडा या दोन अर्जांतल्या तारखा शेजारी ठेवल्यावर होईल. 30 दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा.

याच कायद्याने नागरिकाला प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. तुमच्या बाबतीत तर रस्ता उभा कापला गेला आहे आणि काँक्रीटची जाडी चराच्या कडेला उघडी पडली आहे. चर बुजवला जाण्यापूर्वी शेजाऱ्यांना सोबत घेऊन चार-पाच ठिकाणी टेप लावा, तारखेसह छायाचित्रे काढा, आणि मोजमाप पुस्तिकेची पाने हाती आली की तिथे लिहिलेली जाडी तुमच्या मोजमापाशी ताडून पाहा.