दोन किलोचे डंबेल्स आणि पहिले दोन महिने

तुमचं वय पंचेचाळीस, व्यायामाची सवय नाही, घरात दोन-दोन किलोच्या डंबेल्सची जोडी आहे आणि गेले काही दिवस तुम्ही रोज बायसेप कर्ल (कोपरात हात दुमडून डंबेल खांद्याकडे आणणं) मारताय. एवढ्या हलक्या वजनाने खरंच ताकद येते का, रोज करावं का, आणि बैठका मारताना गुडघे वाजतात त्याचं काय, हे तुम्ही विचारलंय. जरा सविस्तर लिहितो, कारण सुरुवातीलाच चुकीचा सल्ला मिळाला की माणसं महिन्याभरात डंबेल्स पलंगाखाली सरकवतात. तुमचं तसं व्हायला नको.

ताकद येते. पण सेटचे शेवटचे दोन-तीन रेप्स जड गेले तरच. (एकदा वर-खाली केलं की एक रेप, न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट.) स्नायूतले तंतू गटागटाने कामाला लागतात. काम हलकं असेल तर लहान गटांवरच भागतं आणि मोठे, ताकदवान गट आराम करत राहतात. लहान गट दमायला लागले की मगच मोठ्यांना हाक जाते. जड वजन उचलताना ही हाक पहिल्याच रेपला जाते, हलक्या वजनात ती सेटच्या शेवटी जाते, एवढाच फरक. म्हणून एका वेळी जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपासचं वजन घेतलं आणि सेट जवळजवळ दमेपर्यंत नेला, तरी स्नायूंची वाढ जड वजनाइतकी होऊ शकते, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. निव्वळ कमाल ताकद वाढवायची असेल तर जड वजनाचं पारडं जड राहतं, पण तो प्रश्न तुमच्यासमोर अजून काही महिने तरी येणार नाही.

आता तुमचा कर्ल पाहू. तुम्ही बारा मोजून थांबता, कारण कुठेतरी बारा लिहिलेलं असतं. पण बाराव्यानंतर आणखी पंधरा सहज निघाले असते, तर तो सेट स्नायूसाठी झालाच नाही असं धरा. सेट संपल्यावर स्वतःला विचारा: नीट पद्धतीत अजून किती निघाले असते? उत्तर ‘दोन-तीन’ असेल तर सेट चांगला झाला. याची खूण अशी की तुम्ही जोर तेवढाच लावताय, तरी वजन वर जाण्याचा वेग आपोआप मंदावतो. मात्र पहिले दोन आठवडे चार-पाच शिल्लक ठेवूनच थांबा. तेव्हा हालचाल शिकायची असते, आणि दमल्यावर शिकलेली हालचाल वाकडी बसते.

कर्लवर मी एवढा वेळ घालवला, पण खरं सांगायचं तर तुमच्या यादीत तो शेवटी हवा. डंबेल हातात आलं की प्रत्येक जण आधी दंड फुगवायला बघतो. शरीरातले मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पाठ इथे आहेत. जिना चढणं, जड पिशवी उचलणं, खाली बसून उठणं हे सगळं त्यांच्यावर चालतं, आणि वयाबरोबर ताकद गेलेली आधी तिथेच जाणवते. मेहनत तिकडे गेली पाहिजे.

आणि इथे हलक्या डंबेल्सची खरी अडचण समोर येते. दोन किलो हात बाजूला खांद्यापर्यंत उचलताना बऱ्याच जणांना पुरेसे जड जातात. तेच दोन किलो हातात धरून बैठक मारली तर काहीच फरक पडत नाही, कारण पाय आधीच अख्खं शरीर उचलत असतात. म्हणजे एकच जोडी सगळ्या व्यायामांना पुरत नाही. पायांसाठी वजनाऐवजी हालचाल कठीण करायची: वेग कमी करायचा, खाली थांबायचं, पुढे भार एका पायावर न्यायचा.

तुमच्या गुडघ्यांसाठी सुरुवात खुर्चीपासून करा. भक्कम, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्याइतके लांब, चवडे किंचित बाहेर. नितंब मागे नेत तीन-चार सेकंद घेऊन खाली या, खुर्चीला जेमतेम टेका आणि टाचांनी जमीन दाबत उठा. गुडघे आत कोसळू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या दिशेने राहिले पाहिजेत. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. नुसता कट्कट् आवाज येतो, दुखत नाही आणि सूज नाही, तर बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. सूज येते, गुडघा मध्येच अडकतो किंवा चालताना दगा देतो, असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. गुडघा झिजलेल्यांनाही मांडीचे स्नायू बळकट करायलाच सांगतात, त्यामुळे घाबरून पायांचा व्यायाम सोडू नका.

दुसरी हालचाल सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त बिघडलेली असते: वाकणं. याला रोमेनियन डेडलिफ्ट म्हणतात. कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल ठेवा आणि कणा सरळ ठेवून नितंबांनी भिंतीला शिवायचा प्रयत्न करा. छाती आपोआप पुढे झुकेल. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की बरोबर जमलं. ताण कमरेत जाणवला तर पाठ गोल होतेय, तेव्हा कमी वाका. हे जमेपर्यंत हातात वजन घेऊच नका. जमलं की डंबेल्स मांड्यांना घासत गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत न्यायचे आणि परत वर. दोन किलो इथे लवकरच हलके वाटतील. मग बराचसा भार एका पायावर घ्या, दुसऱ्या पायाचा चवडा मागे फक्त तोल सांभाळायला टेकवा. फरक लगेच कळेल. मी नवख्यांना सुरुवात करून देतो तेव्हा अर्धा वेळ याच एका हालचालीवर देतो, आणि कंबर दुखण्याच्या तक्रारी कमी होताना पाहिल्या आहेत.

ढकलण्यासाठी पुशअप: आधी भिंतीवर हात टेकवून, मग टेबलाच्या भक्कम कडेवर, मग जमिनीवर. त्याच्या जोडीला डंबेल्स खांद्यापासून डोक्यावर नेण्याचा प्रेस. इथे तुमचे दोन किलो अगदी योग्य आहेत. कंबर मागे वाकत असेल तर बसून करा. ओढण्यासाठी रो: एक हात टेबलावर टेकवून खुब्यातून वाकायचं आणि दुसऱ्या हाताचं कोपर खिशाच्या दिशेने मागे ओढायचं. पाठीचे स्नायू मोठे असल्याने दोन किलो इथेही कमी पडतील. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा मजबूत पिशवीत बाटल्या भरून ओढा. शेवटी पोटासाठी प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवडे जमिनीवर टेकवून शरीर फळीसारखं सरळ धरणं, वीस-तीस सेकंद, कंबर खाली न झुकवता. आणि मग हवा तर कर्ल.

रोज करावं का? नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. मधल्या दिवशी चाला. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा एक, फार तर दोन सेट. नंतर दोन ते तीन. दोन सेटमध्ये एक-दोन मिनिटं थांबा, घाई नको. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं आणि वजनाशिवाय तीच हालचाल, एवढा वॉर्मअप पुरे.

वजन कधी वाढवायचं यावर दोन मतं ऐकायला मिळतील, माझं मत हे. दोन किलोवरून तीनवर जाणं दिसायला एक किलो आहे, प्रत्यक्षात ५० टक्के वाढ आहे. दहावरून अकरावर जाताना तोच एक किलो फक्त १० टक्के असतो. म्हणून हलक्या वजनात पायऱ्या मोठ्या असतात आणि घाईने चढलं की खांदा धरतो. आधी रेप्स वाढवा. आठ-दहावरून वीस-पंचवीसपर्यंत जायला हरकत नाही. मग खाली येण्याचा वेग तीन सेकंदांचा करा, मग खाली क्षणभर थांबा. एवढं सगळं जमून शेवटचे रेप्स सोपे जायला लागले की पुढचं वजन घ्या आणि रेप्स पुन्हा खाली आणा. बदलत्या प्लेट्सचे डंबेल्स घेतलेत तर प्रत्येक सेटआधी दोन्ही बाजूंचे लॉक हाताने घट्ट करून पाहा.

भार थोडा-थोडा वाढवत नेण्याची ही पद्धत वैद्यकात रुजवण्याचं मोठं श्रेय थॉमस डिलॉर्म या अमेरिकी सैन्यातल्या डॉक्टरकडे जातं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे आणि मांड्या पुन्हा सशक्त करताना त्याने ती वापरली आणि १९४५ मध्ये मांडली. सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत असे. १९४८ मध्ये त्याने आणि आर्थर वॉटकिन्सने तीन सेट पुरेसे असल्याचं लिहिलं. कमी सेट सांगतोय म्हणून तुम्हाला शंका आली असेल तर हे लक्षात घ्या.

वयाबद्दलही एक सांगतो. मारिया फियातारोने या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या लोकांकडून आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम करून घेतला. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तिथे देखरेख होती आणि भार हलका नव्हता, पण पंचेचाळिशीला ‘उशीर झाला’ म्हणायचं कारण उरत नाही.

पहिल्या महिन्यात आरशात काही दिसलं नाही तर निराश होऊ नका. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते, मेंदू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतो. आकारातला फरक नंतर दिसतो. म्हणून एक वही ठेवा: तारीख, व्यायाम, वजन, रेप्स आणि शेवटी किती शिल्लक वाटले. पहिले काही आठवडे प्रगती त्या वहीतच दिसते. हातांवरची चरबी मात्र हातांच्या व्यायामाने तेवढीच उतरत नाही, तो वेगळा विषय आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल. ते एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचून ओसरतं, आणि त्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवा. प्रचंड दुखणं, सूज आणि गडद तपकिरी लघवी असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. प्रथिनं दिवसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम असावीत, मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

नवे डंबेल्स आत्ताच घेऊ नका. दोन आठवडे खुर्ची, भिंत आणि पिशवीवर करून पाहा आणि वहीतले आकडे इथे लिहा. जिना उतरताना गुडघा कसा वाटतो तेही लिहा, चढतानापेक्षा उतरताना तो जास्त बोलतो. त्यावरून पुढची जोडी किती किलोची घ्यायची हे सांगता येईल.